‘देवी-देवता’ की ‘देवदेवता’?

मुलांना हिंदू देवांची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेला ‘देवी-देवता परिचय’ हे नाव मराठीत चालेल का, असं एका ताईंनी विचारलंय. माझं मत सरळ आहे: ‘देवदेवता’ लिहा. ‘देवी-देवता’ हिंदीतून आलंय. हिंदीत ‘देवता’ पुल्लिंगी, म्हणून तिथे त्या जोडीत देवीही येते आणि देवही येतो. मराठीत देवता म्हणजे ‘ती’. मग ‘देवी-देवता’ म्हटल्यावर गणपती, मारुती कुठे राहिले?

पण ‘ती’ म्हटलं म्हणजे देवता बाईच असते, असंही नाही. ऋग्वेदाच्या पोथीत प्रत्येक सूक्ताला ऋषी, देवता, छंद सांगितलेले असतात. या सूक्तांची जुनी सूची असलेल्या कात्यायनाच्या ‘सर्वानुक्रमणी’तली व्याख्या आहे ‘या तेनोच्यते सा देवता’, म्हणजे ऋषी ज्याच्याविषयी बोलतो ती देवता. म्हणून अग्नी ही देवता, इंद्र ही देवता, सातव्या मंडलात बेडूकसुद्धा देवता आणि दहाव्यात जुगाराचे फासेही. किती मोकळा शब्द आहे हा! लिंग व्याकरणाचं आहे, मूर्तीचं नाही.

पूजेच्या सुरुवातीला हातात अक्षता घेऊन बसलेले असताना गुरुजी भराभर म्हणतात ते आठवा: ‘इष्टदेवताभ्यो नमः, कुलदेवताभ्यो नमः, ग्रामदेवताभ्यो नमः’. त्या एका ‘कुलदेवताभ्यो’मध्ये देवघरातल्या टाकांवरचा घोड्यावर बसलेला खंडोबाही आला आणि तुळजाभवानीही आली.

बोलीत मात्र आपण वाटणी केली. कुलदैवत म्हटलं की बहुधा खंडोबा, जोतिबा. कुलदेवता किंवा कुलस्वामिनी म्हटलं की भवानी, अंबाबाई. पुण्यात कसबा गणपती ग्रामदैवत आणि तांबडी जोगेश्वरी ग्रामदेवता. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात दैवत नपुंसकलिंगी आहे, विकल्पाने पुल्लिंगी, देवता स्त्रीलिंगी. अर्थ दोन्हींचा एकच. देवाला दैवत आणि देवीला देवता ही सोय मराठी माणसाच्या कानाने लावून घेतली, आणि मला ती चूक वाटत नाही. उलट तुळजाभवानीला ‘महाराष्ट्राचं कुलदैवत’ म्हणणारेही बरोबरच, कारण दैवतात देवीही मावते. ‘खंडोबा आमची कुलदेवता’ हेही शुद्ध आहे, फक्त ऐकायला अडखळतं.

माणसाला मात्र आपण दैवतच म्हणतो. शिवाजी महाराज महाराष्ट्राचं आराध्य दैवत. तिथे ‘देवता’ कुणी म्हणणार नाही. भावनेला, कल्पनेला रूप द्यायचं झालं की लगेच देवता येते: न्यायदेवता, स्वातंत्र्यदेवता.

अनेकवचनाचं तेवढं जपा. एक दैवत, अनेक दैवतं. एक देवता, अनेक देवताच. ‘देवतां’वर अनुस्वार येतो तो फक्त विभक्तीत, ‘देवतांना’, ‘देवतांची’ असा. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘देवदेवतांची ओळख’ छापलंत तर व्याकरणही सांभाळलं जाईल आणि मारुतीही आत येईल.

तुमच्याकडे लग्नपत्रिकेच्या माथ्यावर काय छापतात, कुलदेवता, कुलदैवत की कुलस्वामिनी? गावाच्या नावासकट सांगा. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्यांनी ‘राखणदार’ नेमका कुणाला म्हणतात तेही लिहावं, तो शब्द या मांडणीत कुठे बसवायचा ते मला समजून घ्यायचंय.