स्लाइडमधला ब्लॉक लपवायचाय, मदत हवी आहे (तातडीची)

अर्धविराम: लाटेकमध्ये (कोड लिहून दस्तऐवज बनवायची प्रणाली) केलेल्या स्लाइडवर प्रश्न आणि खाली उत्तराचा ब्लॉक आहे, तो आधी दिसायला नकोय. ओन्ली ही आज्ञा लावली तर उत्तर येताना प्रश्न वर उडी मारतो, ब्लॉकच्या आत पॉज ही आज्ञा टाकली तर मजकूर जातो पण रंगीत डबा रिकामा तसाच. उद्या सकाळी लेक्चर आहे, लवकर सांगा!!

तळटीप: बीमर का, लाटेकचं स्लाइडचं पॅकेज? थीम कुठली, कोड कुठाय?

अर्धविराम: बीमरच, अजून काय असणार.

खटपट्या: पॉवरपॉइंटमध्ये दोन क्लिकचं काम आहे हे. कशाला एवढा उपद्व्याप?

तळटीप: @खटपट्या समीकरणांनी भरलेल्या शंभर स्लाइड करा तिकडे, मग बोलू.
@अर्धविराम ओन्ली जागाच धरत नाही आणि फ्रेममधला मजकूर मुळात उभा मध्यावर बसतो, म्हणून उडी. बिगिन ब्लॉकच्या लगेच पुढे, शीर्षकाच्या आधी, कोनी कंसात २- (म्हणजे दुसऱ्या टप्प्यापासून दाखव) लिहा. डब्यासकट लपेल, जागा राहील.

नवाकोरा: टाइप्स्टवर या लोकहो, लाटेकसारखंच काम करणारी नवी भाषा आहे. हाइड फंक्शन नेमकं हेच करतं, शिवाय लिहिता लिहिता कंपाइल. मी लाटेक सोडलं ते सोडलंच.

तळटीप: उद्या लेक्चर आहे त्यांचं, आज रात्रीत नवी भाषा शिकतील होय?

अर्धविराम: उडी गेली, डबाही गेला. पण मुलांना वाटायच्या पीडीएफमध्ये उत्तर दिसतंय, तेच तर नको होतं.

तळटीप: अहो मग हे आधी सांगायचं ना! हँडआउट मोडमध्ये (वाटायची प्रत काढायचा मोड) नुसतं २- लागूच होत नाही, सगळं दिसतं. त्याच कंसात २- च्या पुढे उभी रेघ, मग हँडआउट, कोलन, शून्य. (मोबाइलवर आहे, रोमन कीबोर्ड नाही, समजून घ्या.) जागा कोरी राहते, मुलं तिथेच उत्तर लिहितील.

अर्धविराम: केलं. आता पुसट दिसतंय, डोळे ताणले तर वाचता येतं.

शाईदौत: वर सेटबीमरकव्हर्डमध्ये (झाकलेला मजकूर कसा दिसावा ते ठरवणारी आज्ञा) ट्रान्सपरंट लिहिलंय का? त्याने झाकलेला मजकूर १५ टक्के गडद उरतो. इन्व्हिजिबल करा.

अर्धविराम: हो, टेम्प्लेटमध्येच होतं ते, मी नाही टाकलं. आता गेलं एकदाचं.

खटपट्या: पॉवरपॉइंटमध्ये

तळटीप: नको.

नवाकोरा: तळाची ती नॅव्हिगेशनची चिन्हंही काढून टाका, कुणी वापरत नाही.

शाईदौत: मी वापरतो.