मदत हवी आहे : ५,१०,५१० ही संख्या नेमकी कोणकोणत्या गटांत बसते?

नमस्कार मंडळी. पहिल्या ७ मूळ संख्यांचा गुणाकार (२×३×५×७×११×१३×१७) केला की ५,१०,५१० येतो. प्रत्येक मूळ अवयव एकदाच, म्हणून विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८. सगळ्या विभाजकांची बेरीज १७,४१,८२४. त्यातून ५,१०,५१० वजा केले तरी १२,३१,३१४ उरतात, म्हणजे ही विपुल संख्या (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा मोठी) झाली. इथपर्यंत सोपं आहे.

खरी गंमत पुढे. ७१४×७१५ = ५,१०,५१०! दोन लागोपाठच्या संख्यांनी ७ही मूळ अवयव आपसांत वाटून घेतलेत, आणि दोघींच्या मूळ अवयवांची बेरीजही २९च येते (२+३+७+१७ आणि ५+११+१३). पहिल्या १, २, ३ आणि ४ मूळ संख्यांचे गुणाकार, म्हणजे २, ६, ३० आणि २१०, यांचंही असं लागोपाठच्या जोडीत रूपांतर होतं. पुढचे दोन गुणाकार, २३१० आणि ३०,०३०, मात्र हट्टी.

माझे प्रश्न दोन. ५,१०,५१० च्या पुढच्या अशा गुणाकारांना अशी जोडी मिळणारच नाही, हे कुणी सिद्ध केलंय का? आणि १ पासून ५,१०,५१० पर्यंतची प्रत्येक संख्या हिच्या वेगवेगळ्या विभाजकांच्या बेरजेतून मिळते, हे एकेक न तपासता कसं दाखवायचं? संगणकावर पडताळा नको, कागदावरची युक्ती हवी.