बोर्डवरची लाईट लागते, पण सकाळी कॉम्प्युटर चालू होत नाही

घावनखाऊ

डेस्कटॉप २०१७ चा, असेंबल केलेला. आय५-७४००, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुक्काम कुडाळ, म्हणजे सध्या हवा कशी आहे ते सांगायला नको.

रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो. सकाळी ते चालू केलं की मदरबोर्डवरची हिरवी लाईट लगेच लागते. कॅबिनेटचं बटण दाबलं की सीपीयूचा पंखा जेमतेम पाव फेरा घेतो, आतून बारीक 'टक्' आवाज येतो आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. भिंतीवरचं बटण तसंच चालू ठेवून पंचवीस मिनिटांनी दाबलं की मुकाट चालू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही, रिस्टार्टसुद्धा नीट होतो. दोन आठवड्यांपूर्वी दहा मिनिटं थांबावं लागायचं.

रॅम काढून बसवली, यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहिला, मदरबोर्डवरचा २०३२ सेल बदलला. फरक शून्य. दुरुस्तीवाला म्हणतो, "लाईट लागतेय म्हणजे एसएमपीएस चांगला, मदरबोर्ड गेला." माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. बोर्ड घेण्याआधी काय काय मोजू?

बटणदाबे

रॅमचे सोनेरी पाय पांढऱ्या खोडरबराने पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. पावसाळ्यात दहापैकी नऊ वेळा तेच निघतं.

डाखकाम

बटणदाबे, खोडरबर वेगळ्या आजारावरचं औषध आहे. रॅम बसली नसेल तर पंखे फिरत राहतात, स्क्रीन काळी राहते, स्पीकर जोडलेला असेल तर बीप येतात. काही बोर्ड दर काही सेकंदांनी स्वतःच बंद-चालू होतात. पण पाव फेऱ्यात गप्प होऊन वर पंचवीस मिनिटांनी आपोआप बरा होणं हे रॅमचं लक्षण नाही. सेलचंही नाही. सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, बहुतेक बोर्ड तरीही चालू होतात.

घावनखाऊ, तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दहाची पंचवीस मिनिटं झाली, ती. हा वाळत चाललेल्या कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या भागाचा) नमुना आहे आणि माझा संशय एसएमपीएसच्या स्टँडबाय भागावर आहे.

एसएमपीएसमध्ये खरं तर दोन सप्लाय असतात. मोठा भाग १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो आणि तो बटण दाबल्यावरच जागा होतो. छोटा भाग, म्हणजेच स्टँडबाय, भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्ट देत राहतो, साधारण २ ते ३ अँपिअरपर्यंत. त्याची तार जांभळी. बटण दाबलंय हे ओळखणारा चिपसेट याच जांभळ्या तारेवर जगतो, त्याला लागणारे ३.३ व्होल्टही बोर्ड यातूनच बनवतो. हिरवी लाईट काही मिलिअँपिअरवर पेटते आणि ४ व्होल्टांवरसुद्धा छान दिसते. म्हणजे 'लाईट लागतेय' याचा अर्थ जांभळ्या तारेत काहीतरी आहे, एवढाच.

आधी फुकटातली चाचणी. उद्या सकाळी कीबोर्ड, माऊस, वायफाय डाँगल, फोनची चार्जिंग केबल, सगळं यूएसबीचं उपटा. लॅनची केबलपण काढा. मग भिंतीवरचं बटण चालू करून बघा किती मिनिटांत चालू होतो. बऱ्याच बोर्डांवर यूएसबीला बंद अवस्थेत वीज मिळते ती याच सप्लायमधून. वेळ कमी झाली तर संशय बळकट.

मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सुई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला. २४ पिनचा कनेक्टर बोर्डात तसाच राहू द्या आणि लाल सुई मागून, तार जिथे आत शिरते तिथे अलगद घाला. दोन तारांचे दोन पिन एकमेकांना टेकू देऊ नका.

१. जांभळी, पिन ९. बटण दाबण्याआधी आणि दाबताना. ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं.
२. हिरवी, पिन १६. बंद असताना वर, बहुधा ४ ते ५ च्या आसपास. बटण दाबलं की बोर्ड तिला शून्याजवळ ओढतो.
३. करडी, पिन ८. चालू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ जवळ जायला हवी.

हिरवी खालीच येत नसेल तर कॅबिनेटचं बटण किंवा बोर्ड. खाली येऊनही एसएमपीएस उठत नसेल तर एसएमपीएस, नाहीतर कुठेतरी शॉर्ट. तारा सगळ्या काळ्या असतील तर पिन मोजा: क्लिपच्या बाजूच्या ओळीत १३ ते २४ आहेत, हिरवी त्यातली चौथी.

न्यूट्रल

वरच्यात एक भर. कॅबिनेटचं बटण वगळायला फ्रंट पॅनलच्या पिनांवरून त्याची वायर काढा आणि ६ व ८ या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बोर्डाच्या कडेला सहसा पीडब्ल्यूआर असं छापलेलं असतं. दमट हवेत बटणाचा स्प्रिंग गंजून ते आत अडकतं, पण मग मशीन चालू होऊन बरोबर ४ सेकंदांनी बंद पडतं. रिसेटचं बटण अडकलं तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. तुमचं दोन्हींत बसत नाही, तरी एक मिनिटाचं काम आहे.

आणि कुणीतरी आता यू-पिनची चाचणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. हिरवी आणि शेजारची काळी तारेने जोडली की एसएमपीएसचा पंखा फिरतो. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बहुधा गेला. पण फिरला म्हणून तो चांगला ठरत नाही, कारण त्या वेळी त्याच्यावर भारच नसतो. रिकामी बैलगाडी ओढणारा बैल ऊस भरल्यावर ओढेलच असं नाही.

घावनखाऊ

मोजलं.

यूएसबी आणि लॅन काढल्यावर: ८ मिनिटांत चालू झाला.
जांभळी, सकाळी गार असताना: ४.६१. बटण दाबताना आकडा नाचतो, ३.२ पर्यंत गेलेला दिसला.
जांभळी, पंचवीस मिनिटांनी: ४.९७.
हिरवी: ४.४ वरून क्षणभर ०.१, लगेच परत वर.
करडी: गार असताना शून्याच्या आसपासच. चालू झाल्यावर ५.०२.
पिन ६-८ स्क्रूड्रायव्हरने जोडूनही तेच.

गोंधळ असा, की २४ पिनचा कनेक्टर बोर्डातून काढून जांभळी मोजली तर गार असतानाच ५.०६ येतंय. मग सप्लाय चांगला आणि बोर्ड जास्त करंट खातोय असं नाही का?

डाखकाम

ती शंका बरोबर आहे आणि तिचा निकाल एका रेझिस्टरने लागतो. ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळेल. मशीन रात्रभर बंद ठेवा. २४ पिनचा, सीपीयूचा ८ किंवा ४ पिनचा आणि सगळे साटाचे, म्हणजे डिस्कचे, कनेक्टर काढा. रेझिस्टर जांभळी आणि काळी यांच्यामध्ये क्रोकोडाइल क्लिपने लावा, मग भिंतीवरचं बटण चालू करा. करंट साधारण १ अँपिअर, रेझिस्टरवर पाच-साडेपाच वॅट, म्हणजे तो चांगलाच तापेल. टाइलवर ठेवा, टेबलक्लॉथवर नको, हात लावू नका, दोन मिनिटांत बंद करा. चांगला स्टँडबाय सप्लाय इथे ४.७५ च्या खाली उतरत नाही. उतरला तर बोर्ड निर्दोष.

घावनखाऊ

लावला. चालू करताच ४.०८. दोन मिनिटांत हळूहळू चढत ४.३० झालं. बोर्ड जोडलेलाच नव्हता.

डाखकाम

मग बोर्ड घेऊ नका. एसएमपीएस.

आत असं होतं. स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरपाशी दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर महत्त्वाचे. एक आउटपुटवर, साधारण १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा, आणि एक अलीकडच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, पेन्सिलीएवढा जाड. हा बारका बहुतेक वेळा हीटसिंकला खेटून बसवलेला असतो आणि वर्षानुवर्षं तिथे भाजत राहतो. आतलं द्रव वाळलं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. गार असताना तो सगळ्यात जास्त असतो, ऊब मिळाली की उतरतो. पंचवीस मिनिटं तुम्ही नुसते थांबत नव्हतात, कपॅसिटर शेकत होतात. मोठा भाग एकदा सुरू झाला की आतली हवा गरमच राहते, म्हणून दिवसभर रिस्टार्ट नीट. 'टक्' आणि पाव फेरा म्हणजे मोठा भाग उठायला लागला, तेवढ्यात जांभळी कोसळली, बोर्डाने हिरवी सोडून दिली.

हा बारका कपॅसिटर फुगतोच असं नाही, वरून कोरा करकरीत दिसतो. त्यामुळे 'उघडून पाहिलं, सगळं ठीक आहे' याला फारसा अर्थ नसतो.

तुम्ही स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्टांचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठतात, अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट खेचणारं सर्किट) असेल तर ३८० च्या पुढे, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे असू शकतात. हे काम येणाऱ्याकडून दोन्ही कपॅसिटर १०५ अंशांचे, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाच्या) जातीचे बदलून घेतले तर मालाचा खर्च किरकोळ. पण आठ-नऊ वर्षांच्या सप्लायमध्ये बाकीचे कपॅसिटरही त्याच वयाचे. मी नवीन घेईन.

तोपर्यंत भिंतीवरचं बटण रात्रभर चालू ठेवून दिवस ढकलायचा मोह होईल, तो आवरा. काही जुन्या डिझाइनमध्ये तो बारका कपॅसिटर पूर्ण वाळला की नियंत्रण सुटतं आणि जांभळी ५ च्या वर चढते. तसं झालं तर मदरबोर्ड खरोखरच जातो.

घावनखाऊ

समजलं. नवीन घेताना केबल जुन्याच ठेवल्या तर चालतील का? आतून फिरवून बांधलेल्या आहेत, काढायचा कंटाळा.

न्यूट्रल

अजिबात नको. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबलचं बोर्डाकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. एका कंपनीच्या केबल दुसऱ्याच्या सॉकेटात अगदी घट्ट बसतात आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टांच्या पिनवर १२ जातात. डिस्क त्याच क्षणी गेली.

या मशीनला ४५० वॅट रग्गड आहे. नुसते वॅट बघू नका, लेबलवर १२ व्होल्टांच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. ४५० चा म्हणवणारा सप्लाय तिथे ३५ च्या आसपास देत असेल तर प्रामाणिक, २० वगैरे असेल तर बाकीचे वॅट कागदावरच. आणि जुन्या सप्लायला मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ११५ वर सरकवून लावला की धडाम.

जाता जाता अर्थिंग मोजा. मीटर एसीवर, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ तुटलेली आहे: इनपुट फिल्टरमुळे पत्र्यावर जवळजवळ निम्मे व्होल्ट तरंगत असतात. टू-पिन अडॅप्टर लावून चालवणाऱ्यांकडे हे हमखास.

नवखा_७

इथेच विचारतो. माझाही पंखा एक झटका घेऊन थांबतो, पण गार-गरम फरक नाही, कधीच चालू होत नाही. काल कूलर बदलल्यापासून.

डाखकाम

तुमचं वेगळं आहे, तो शॉर्ट वाटतो. प्लग काढून आधी कूलरचा पंखा आणि त्याखालचा स्क्रू बघा, बोर्डामागे प्लेट तिरकी बसलीय का, एखादा सुटा स्क्रू बोर्डाखाली गेलाय का. मग सीपीयूचा ८ पिनचा कनेक्टर काढून एकदाच बटण दाबा. तेव्हा पंखे फिरत राहिले तर शॉर्ट प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या भागात आहे आणि तो कनेक्टर परत लावून 'बघू एकदा' करू नका. तिथला वरचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट असेल तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊ शकतात, ज्याला दीडसुद्धा लागत नाहीत. कनेक्टर काढूनही झटकाच घेत असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम एवढंच ठेवून ८ पिनसकट पुन्हा बघा. बाहेर चालू झाला तर जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो ती धातूची खुंटी) शोधा, बोर्डाला भोक नाही तिथे बसवलेला.

घावनखाऊ

नवीन एसएमपीएस बसवला, केबलसकट. रात्रभर भिंतीवरचं बटण बंद ठेवून सकाळी जांभळी ५.०८, बटण दाबताना ५.०५. पहिल्या दाबाला चालू. जुना सप्लाय भंगारात द्यायच्या आधी काही करायचं असतं का?

डाखकाम

एक-दोन दिवस प्लग काढून तसाच पडू द्या आणि वरून 'खराब' लिहा, नाहीतर कोणीतरी लाईट लागते म्हणून परत वापरायला घेईल. भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि रेझिस्टर जपून ठेवा.