जुन्या गुन्हेपटांतली 'इतर' माणसं

कर्वेरोडकर:
आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुने सिनेमे बघतो. सध्या १९४५ ते ६० मधले अमेरिकन गुन्हेपट चालू आहेत. त्यात काळा माणूस दिसला की हमाल नाहीतर पियानोवाला, चिनी दिसला की स्वयंपाकी. त्यांना धड काम मिळालंय असे सिनेमे सुचवा. आपल्या हिंदीतलेही चालतील.

जुनीरिळं:
'नो वे आउट' (१९५०) आधी बघा. सिडनी पॉइटियर तरुण काळा डॉक्टर. दरोड्यात गोळी लागलेला गोरा पेशंट त्याच्या हाताखाली दगावतो आणि पेशंटचा भाऊ त्याच्यावर खुनाचा आरोप करतो. शवविच्छेदनाला भाऊ परवानगी देत नाही. मग हा डॉक्टर स्वतः जाऊन 'खून मीच केला' म्हणून कबुली देतो, कारण आता तपासणी करावीच लागणार! दुसरा 'द क्रिमसन किमोनो' (१९५९). लॉस एंजेलिसमधला जपानी वंशाचा डिटेक्टिव्ह आणि त्याचा गोरा जोडीदार एकाच गोऱ्या मुलीच्या प्रेमात, आणि ती जपान्याला निवडते. काही वर्षं आधी हॉलिवूडची आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे नियम, आडवी आली असती.

कॅम्पातली_मावशी:
हिंदीचं मी सांगते. मी मराठी ख्रिस्ती, पिढ्यान् पिढ्या पुण्यातली. आई डोक्यावर पदर घेऊन उपासनेला जायची, ना. वा. टिळकांची गीतं तोंडपाठ. आत्या नर्स, रात्रपाळी करून आली की आधी चूल पेटवायची. आणि पडद्यावर ख्रिस्ती बाई म्हणजे काय, तर फ्रॉक, क्लब आणि हातात ग्लास. 'टॅक्सी ड्रायव्हर'मधली (१९५४) सिल्वी नायकावर जीव टाकते, पण संसार मालाच्या वाट्याला. 'बाजी'त (१९५१) क्लबात नाचणारी लीना नायकासाठी जिवाला मुकते आणि नायिका कोण, तर डॉक्टर रजनी. लीनाचं मरण मला आजही लागतं, गीता बालीनं ते काम इतकं मनापासून केलंय.

म्हणून 'हावडा ब्रिज' (१९५८) माझा लाडका. मधुबालाची एडना क्लबातच गाते, पण नायिका तीच! 'आइए मेहेरबाँ' बघा, खांदा जरासा उडवून ती डोळ्यांनी हसते आणि कुठेही तिला खालच्या नजरेनं दाखवलेलं नाही.

कर्वेरोडकर:
पण मावशी, त्यातच पंजाबी मदन पुरी चिनी मेकअप करून खलनायक जॉन चँग होतो ना?

कॅम्पातली_मावशी:
होतो, आणि ते मला पटत नाही. कलकत्त्यात चिनी वस्ती होती, सुतार होते, चपला शिवणारे होते. सिनेमाला दिसला फक्त गुंड. त्यातल्याच 'मेरा नाम चिन चिन चू' गाण्यावर माझेही पाय थिरकतात, पण तिथेही चिनी म्हणजे नुसता वेष. एडना आवडते म्हणून चँगला सूट देणार नाही. तुमच्या गटात दोघांवर बोला, आणि कॅम्पात बैठक ठेवलीत तर मी येते.