सातवा महिना: कंबर, मान, जांघेत कळ. ठाण्यात नक्की कोणाला दाखवू?

नमस्कार. 29वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. राहते कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला.

कंबर पाचव्यापासून दुखायची, ते सोसत होते. पण गेले तीन आठवडे दुखणं खाली उतरलंय. पुढे, ओटीपोटाच्या अगदी खालचं हाड आणि दोन्ही जांघा. सलवार घालताना एका पायावर उभी राहिले की अशी कळ येते की भिंत धरावी लागते. आता पलंगावर बसूनच घालते. रात्री कूस बदलताना तिथे कट्ट वाजतं, नवऱ्यालाही ऐकू जातं. मानेचं वेगळंच. दिवसभर लॅपटॉप, सकाळी मान आखडलेली.

घोडबंदर रोडवरून रिक्षाने ठाणे स्टेशन म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. पुढे ट्रेनमध्ये बसायला मिळतं (दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना चालतं, हे मला सहाव्यात कळलं!), पण जिन्यावर रडू येतं.

डॉक्टरांना दोनदा सांगितलं, "कंबर फार दुखते." त्या म्हणाल्या, होतंच असं, डिलिव्हरीनंतर थांबेल. बाळाची वाढ, बीपी, लघवीचा रिपोर्ट सगळं ठीक, त्यामुळे मीच रडूबाई वाटत असेन. सासूबाईंनी मालिशवाल्या मावशींना सांगून ठेवलंय. माया आहे त्यामागे, पण जोरात रगडतील म्हणून मी टाळतेय. घरात डायक्लोफिनॅकच्या (दुखणं थांबवायच्या) गोळ्या आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ की फिजिओकडे? घरी येणाऱ्या कोणी आहेत का? आणि पोटाचा पट्टा ऑनलाइन मागवला तर चालतो ना?

प्रतिसाद

अगं, दुसऱ्या वेळी माझं हेच झालं होतं. याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं. गरोदरपणात कमरेचे सांधे सैल होतात, वजनही पुढे येतं. "कंबर दुखते" म्हटलं की कोणीही "होतंच" म्हणणार, कारण ती सगळ्यांचीच दुखते. "कूस बदलता येत नाही, जिना चढवत नाही, पुढच्या हाडात कळ येते" असं सांग आणि फिजिओची चिठ्ठी माग. फिजिओला फोनवरच विचार, गरोदर बायकांचं काम नेहमी करता का? 'करू की' असं उत्तर आलं तर दुसरी बघ. मान पण तिलाच दाखव.

तोवर दोन्ही गुडघे जुळवून कूस बदल, मध्ये उशी घे, जिना एकेक पायरी. पट्टा फिजिओकडून मापाने घे. गोळ्यांना हात लावला नाहीस ते उत्तम, 20 आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

आणि कळा ठरावीक वेळाने यायला लागल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप, लघवीला जळजळ, पाय बधिर, बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही झालं तर फिजिओ नाही, थेट हॉस्पिटल. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

धागाकर्ती

थँक्यू ताई. सोमवारी व्हिजिट आहे, ते वाक्य कागदावर उतरवून घेतलंय. पट्टा मात्र काल मागवून झाला होता, तो परत करते.