प्लग बदलण्याआधी रिकॉल तपासा

वर कोणीतरी म्हटलंय की चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर आधी स्पार्क प्लग बदला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घ्या. ठीक आहे, पण गाडी २०१८-१९ची पेट्रोल असेल तर मी आधी फ्युएल पंपाची चौकशी करीन. जून २०२० मध्ये होंडाने भारतात २०१८ सालच्या ६५,६५१ गाड्या यासाठीच परत बोलावल्या होत्या, म्हणजे रिकॉल केल्या होत्या. पुढच्याच महिन्यात मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५. होंडाच्या पंपात दोष होता इंपेलरचा, म्हणजे पेट्रोल ढकलणाऱ्या प्लास्टिकच्या चकतीचा. ती पेट्रोल शोषून फुगते, कडेला घासते, अडकते. मग इंजिनला पेट्रोलच पोचत नाही. यात प्लग काय करणार?

गाडी रिकॉलमध्ये असेल तर पंप फुकट बदलून मिळतो. गाडी सेकंडहँड असेल तर कंपनीचं पत्र जुन्या मालकाकडे गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून स्वतःच बघा. सर्व्हिस सेंटरवाला आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका.

आणि हायवेवर बंद पडलीच तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टरही (ब्रेक दाबायला लागणारा जोर कमी करणारा भाग) एक-दोनदाच साथ देतो. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नका, एकदाच जोर लावून दाबून धरा. चावी मात्र काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.