'मात्रा' म्हणजे एका वेळची की दिवसभराची?

अबोली :
फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरचं पालकांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय आणि एका ओळीवर अडलेय. मी लिहिलं, 'वर्षाच्या आतील बाळांना मात्रा : दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस.' वॉर्डातल्या सिस्टरनी वाचून विचारलं, "७ किलोच्या बाळाला २१ दोनदा, की २१ चे दोन भाग?" उत्तर त्यांना ठाऊक होतं, २१ दोनदा, म्हणजे दिवसाचे ४२. पण माझ्या ओळीतून ते कळत नव्हतं. एका वेळच्या औषधाला वेगळा शब्द आहे का आपल्याकडे?

मुचकुंद :
सरळ 'डोस' लिहा. पोलिओचा डोस सगळ्यांना कळतो. 'मात्रा' म्हटलं की माझ्या आईला हेमगर्भाची मात्राच आठवते, आणि ती कधी देतात हे सांगायला नको.

तगर :
म्हणून शब्द टाकून द्यायचा? 'मा' म्हणजे मोजणे. मात्रा, मान, परिमाण सगळी त्याच घरची. छंदात लघूची १, गुरूची २. मोजून द्यायच्या औषधाला याहून नेमका शब्द कुठला?

मुचकुंद :
तुमच्याच वाटेने जाऊ. 'डोस'चं मूळ ग्रीक, अर्थ 'देणे', आपल्या 'दा' धातूचा भाऊबंद. मात्रा म्हणजे मोजलेलं, डोस म्हणजे एकदा दिलेलं. अबोलींना हाच फरक हवाय.

शेवंती :
आमच्याकडे (सातारा) आजी 'खेप' म्हणायची. "दर खेपेला अर्धा चमचा." तिची बाळगुटी वळशांवर चाले. सहाणेवर दुधाचे चार थेंब, वेखंडाचा एकच वळसा, हळकुंडाचे दोन, आणि बाळ अंगाने भरलं की वळसे वाढवायचे. वय विचारायचीच नाही, मांडीवर घेऊन अंदाज घ्यायची.

तगर :
खेप पाण्याची, मालाची. औषधाची खेप म्हणजे ट्रकभर औषध. छापील मजकुरात नको.

अबोली :
'दर खेपेला' मला आवडलं, पण विदर्भातल्या आईलाही कळायला हवं. आणखी एक अडचण : वर्षावरच्या मुलांना 'दर किलोमागे' चालतच नाही. तिथे गट आहेत. १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, त्यावर २३ पर्यंत ४५, ४० पर्यंत ६०, पुढे ७५, सगळं दिवसातून दोनदा. दोन्हींना 'वजनानुसार' म्हटलं तर घोळ होतो. शिवाय बाटली कुठे मिलिलीटरला ६ मिलिग्रॅमची, कुठे १२ ची. तेच २१ मिलिग्रॅम एकीत साडेतीन मिलिलीटर, दुसरीत पावणेदोन. पालक सिरिंजवर मिलिलीटरच बघतात.

दगडफूल :
त्या बाटलीतल्या औषधाला काय लिहिलंत? 'निलंबन' (सस्पेन्शन) नको हो! शाळेच्या विज्ञानात ठीक, पण घरी निलंबन नोकरीतून होतं.

तगर :
परिभाषेतला शब्द आहे, वापरल्याशिवाय रुळणार कसा?

दगडफूल :
आजारी लेकराच्या औषधावर शब्द रुळवू नका. 'पातळ औषध, बाटली हलवून घ्या' लिहा.

अबोली :
तेच लिहिलंय. वरच्या ओळीत तूर्त 'प्रत्येक वेळी २१ मिलिग्रॅम, सकाळी एकदा, रात्री एकदा' केलंय. मात्रा आणि डोस दोन्ही काढले. शब्द मात्र अजून हवाच आहे.

मुचकुंद :
शेवंती, तुमच्याकडे बाळगुटी की बाळघुटी? आमच्या घरी 'घुटी'च. घोटणे-घुटक्यावरून असावं.

शेवंती :
गुटीच. गुटिका, गोळी. घुटी मी सासरी ऐकली.